शिरूरला, पण शिरुरात

शाळेच्या वेळापत्रकात इंग्रजीचा आणि मराठीचा तास पुष्कळदा एकापाठोपाठ येतात. इंग्रजीच्या तासाला मुले शिकतात, की ‘स्टॉप’ या शब्दाला आयएनजी हा प्रत्यय लावताना शेवटचा पी दोनदा लिहायचा. ‘मेक’ला तोच प्रत्यय लावताना मात्र शेवटची ई गाळायची. घंटा होते, दुसरे शिक्षक येतात, आणि मुले शिकतात की ‘ऊस’ या शब्दातला ऊ दीर्घ, पण ‘उसाला’ लिहिताना तो ऱ्हस्व करायचा. दोन्ही तासांना वह्यांवर लाल शाई उमटते. दोन्ही तासांना एखादा धीट विद्यार्थी विचारतो, “असे का?” आणि दोन्ही तासांना बहुधा एकच उत्तर मिळते, “तसा नियम आहे.”

नियम आहे हे खरेच. पण तो कोणी केला, कधी केला आणि कशाच्या आधारावर केला, हे ठाऊक असले तर उत्तर देणाऱ्याची अडचण थोडी कमी होते. या लेखात तेवढेच करून पाहू. उदाहरणासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके घेतले तरी पुरे.

या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूरहून न्हावरे, पारगाव, केडगाव-चौफुला असा रस्ता दौंडच्या बाजूला जातो. दोन्हीकडे उसाचे मळे आहेत, आणि दौंडच्या बाजूला गुऱ्हाळेही. या रस्त्याने जाताना पाट्या वाचण्याची आम्हांला खोड आहे. एका पाटीवर ‘शिरूर’ असते, पुढच्या पाटीवर ‘शिरुर’. दुकानाच्या फलकावर ‘शिरूरमध्ये प्रथमच’ असते, आणि त्याच मालाच्या भिंतीवरील जाहिरातीत ‘शिरुरमध्ये’. गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय लागून तयार झालेला एक शब्द तर मराठी साहित्यात अजरामर झाला आहे. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध केले आणि महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. ते टोपणनावसुद्धा आज ‘शिरूरकर’ आणि ‘शिरुरकर’ अशा दोन्ही तऱ्हांनी छापलेले आढळते.

यांतले प्रमाण कोणते, ते आधी सांगून टाकू. शिरूर, शिरूरला, शिरूरचा, शिरूरकर, शिरूरमध्ये ही रूपे दीर्घ. शिरुरात आणि शिरुरास ही रूपे ऱ्हस्व. म्हणजे आपण जातो शिरूरला, आणि पोचल्यावर असतो शिरुरात. गाव तेच, रस्ता तोच, मग वाटेत कुठे तरी उकाराची लांबी कमी होते ती का?

कारण कानाला विचारावे, डोळ्याला नव्हे. शब्द सावकाश म्हणून प्रत्येक अवयवाला एक टाळी द्यावी. शि-रूर: दोन टाळ्या. शि-रूर-ला: तीन टाळ्या, पण ‘रूर’ हा तुकडा होता तसाच आहे. शि-रूर-कर: तिथेही तो शाबूत आहे. आता शि-रु-रात म्हणून पाहा. ‘रूर’ फुटला. त्याचा शेवटचा र पुढच्या ‘आ’ला जाऊन मिळाला आणि मागे नुसता ‘रु’ उरला. मराठी उच्चाराची सवय अशी, की शब्दाच्या शेवटच्या बंद अवयवात, म्हणजे व्यंजनावर थांबणाऱ्या तुकड्यात, इ आणि उ लांबतात. आणि तो अवयव उघडा होऊन पुढे आणखी अवयव आला की आखडतात. ऊस, पण उ-साला. गूळ, पण गु-ळाचा. फूल, पण फु-लाला. विहीर, पण विहि-रीत. वकील, पण वकि-ली. प्रत्यय विभक्तीचा आहे की शब्द घडवणारा, याच्याशी उच्चाराला कर्तव्य नाही. तो स्वराने सुरू होतो की व्यंजनाने, एवढेच त्याला कळते. म्हणून नागपूरकर दीर्घ आणि नागपुरी ऱ्हस्व.

मग ‘ऊसला’ का म्हणत नाहीत? कारण साध्या नामाला प्रत्यय लावण्यापूर्वी मराठीत त्याचे सामान्यरूप करावे लागते: ऊस, उसा, उसाला. गावांच्या नावांनी, विशेषतः व्यंजनावर संपणाऱ्या नावांनी, ही अट पुष्कळ प्रमाणात झुगारून दिली आहे. आपण ‘दौंडला’ म्हणतो, ‘दौंडाला’ म्हणत नाही. जुन्या पत्रांतले ‘शिरुरास’ आज कोणी बोलत नाही. अलीकडे आलेले परकी शब्दही गावांच्याच वाटेने जातात: स्कूलला, ट्रकला, फोनला. मूळ शब्दाचा आकार मोडू नये अशी नव्या पाहुण्यांबद्दल भाषेला थोडी भीड वाटत असावी.

इकडे इंग्रजीत

आता मघाच्या इंग्रजी तासाकडे वळू, कारण तिथेही गोष्ट अवयवांचीच आहे, फक्त उलटी. इंग्रजीत फार पूर्वी, साधारण तेराव्या शतकाच्या सुमारास, उघड्या अवयवातला स्वर लांबू लागला. आजचा ‘नेम’ हा शब्द तेव्हा दोन अवयवांचा, ‘ना-मे’च्या जवळपास, उच्चारला जाई. पहिला अवयव उघडा, म्हणून त्यातला स्वर दीर्घ झाला. पुढे शेवटचा स्वर उच्चारातून गळून पडला, पण लिहिण्यातली ई मात्र राहिली. उच्चार नसलेली ती ई आता वेगळेच काम करू लागली. आधीचा स्वर दीर्घ आहे, एवढी खूण ती करते. ‘होप’ला आयएनजी लावला की प्रत्ययातला स्वर तेच काम करतो, म्हणून ईला रजा मिळते. उलट ‘हॉप’, म्हणजे लंगडी घालणे, या शब्दातला स्वर आखूड आहे. त्याला नुसता प्रत्यय लावला तर अवयव उघडा होईल आणि वाचणारा ‘होपिंग’ असे वाचील. अवयव बंद ठेवण्यासाठी पी दोनदा लिहावा लागतो. दुहेरी व्यंजनाची ही युक्तीही जुनीच आहे. बाराव्या शतकात ऑर्म नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने ‘ऑर्म्युलम’ हा ग्रंथ लिहिताना जिथे जिथे आखूड स्वर आला तिथे तिथे पुढचे व्यंजन नेमाने दोनदा लिहिले. प्रवचन वाचणाऱ्यांनी चुकीचे उच्चार करू नयेत ही त्याची कळकळ होती. इतक्या काटेकोरपणे त्याचे अनुकरण त्या काळी कोणी केले नाही. पण आमच्या मते ऑर्मला भाषाशिक्षकांच्या मालिकेत मानाचे स्थान द्यायला हरकत नाही.

‘कॅरी’ या शब्दाचा शेवटचा वाय भूतकाळी प्रत्ययापूर्वी आय होतो, त्याचे कारण मात्र उच्चारात शोधू नये. इंग्रजी शब्दाच्या शेवटी एकटा आय लिहायचा नाही, तिथे वाय लिहायचा, अशी लेखकूंची रूढी पडली. प्रत्यय लागला की शेवट हा शेवट राहत नाही, आणि आय आपल्या जागी परत येतो. मराठी शिक्षकांना हे ऐकून ‘कवी’ आणि ‘कविसंमेलन’ आठवेल. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा म्हणून ‘कवी’, ‘गुरू’; पण संस्कृत पद्धतीच्या समासात तो शब्द मध्ये गेला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. मात्र ‘कवीला’, ‘गुरूला’ हे दीर्घच, कारण तिथे मराठी शब्दाला मराठी प्रत्यय लागला आहे.

इंग्रजीचे हे नियम कोणत्या सरकारने केले नाहीत. छापखान्यांच्या रूढीतून आणि कोशकारांच्या दबदब्यातून ते ठरत गेले. सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५ सालचा. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ साली आपला मोठा कोश काढला आणि ‘ट्रॅव्हल’ला प्रत्यय लावताना एल दोनदा लिहिण्याची गरज नाही असे ठरवले. शब्दातला आघात पहिल्या अवयवावर असेल तर व्यंजन दुप्पट होत नाही, म्हणून ‘ओपन’चा एन एकच राहतो, तो शेवटच्या अवयवावर असेल तर होते, म्हणून ‘बिगिन’चा एन दोनदा. या हिशेबाने वेब्स्टरचे म्हणणे बरोबर होते. इंग्लंडने ते मानले नाही. आजही अमेरिकन पुस्तकात एक एल आणि ब्रिटिश पुस्तकात दोन एल दिसतात, आणि आपल्याकडच्या परीक्षकाने कोणता देश मानायचा हा प्रश्न राहतोच.

मोडीतून छापखान्याकडे

मराठीची कथा वेगळी आहे. शिरूरचा किंवा पाटसचा कुलकर्णी दोनशे वर्षांपूर्वी आपले दप्तर मोडीत लिहीत होता. मोडीत व्यवहारापुरता इकार एकच आणि उकार एकच. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्याला करताच येत नसे, कारण ती करायला लागणारी दोन वेगळी चिन्हे तो वापरतच नव्हता. महसुलाचे हिशेब, वतनाचे तंटे, पेशव्यांच्या दप्तरातला अफाट पत्रव्यवहार, हे सगळे या एका इकार-उकारावर चालले आणि अर्थाचा घोटाळा झाल्याचे कोणी म्हटले नाही. बाळबोध लिपी पोथ्यांसाठी होती. पोथी संस्कृताची, लिहिणारा शास्त्री, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक तिथे आलाच.

हे दोन प्रवाह छापखान्यात एकत्र आले. विल्यम कॅरीने सेरामपूरहून १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत, आणि १८१० साली कोश छापला तो मोडी खिळ्यांत. म्हणजे कोणती लिपी चालवायची याचा निकाल तोवर लागला नव्हता. निकाल लागला तो मुंबई इलाख्यात शाळांची पुस्तके निघू लागली तेव्हा, आणि तो बाळबोधाच्या बाजूने. मग दप्तरातली मराठी पोथीच्या कपड्यांत छापायची वेळ आली, आणि प्रत्येक शब्दातला इकार कोणता, उकार कोणता, अनुस्वार आहे की नाही, हे ठरवणे भाग पडले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली. मोल्सवर्थचे सहकारी मेजर थॉमस कँडी पुढे सरकारी पुस्तकांची मराठी भाषा तपासू लागले. मराठीत विरामचिन्हे रुळवली तीही त्यांनीच. शालेय पुस्तकांतून जे लेखन मुलांच्या हाती पडले ते असे व्याकरणकार, शास्त्रीमंडळी आणि एक इंग्रज मेजर यांच्या संमतीने ठरलेले होते. या मंडळींची विद्वत्ता वादातीत आहे. पण शब्द कसा लिहायचा हे ठरवताना त्यांचा कौल वारंवार व्युत्पत्तीला, म्हणजे संस्कृताला, मिळे.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे अनुस्वार. तेव्हाच्या छापील मराठीत ‘गांवांत’, ‘त्यानें’, ‘घरीं’, ‘करणें’, ‘पुणें’ असे लिहीत. ‘घरांत’ वरचा टिंब ‘अंत’ या मूळ शब्दाची आठवण, ‘घोडें’ वरचा टिंब ‘घोटकम्’ मधल्या म्‌ची. कोकणी भाषेत आणि कोकणातल्या काही बोलींत हे नाकातले उच्चार आजही ऐकू येतात. देशावरच्या बोलण्यातून ते केव्हाच गेले होते. शिरूर-दौंडकडच्या मुलाने पाठ करायचे ते असे टिंब, जे त्याच्या आईबापांच्या बोलण्यात नव्हते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर साने, गोडबोले आणि हातवळणे या तिघांनी लेखन उच्चाराच्या जवळ आणावे असा आग्रह धरला. मोठा वाद झाला, आणि तेवढ्यावर थांबला.

इथे गंमत अशी, की ‘गांव’ मधला तो टिंब मराठीने सोडला तरी इंग्रजीने सोडला नाही. केडगावच्या स्टेशनवरील पाटीचा रोमन भाग वाचावा. शेवटी एन आहे. मराठीत ‘गाव’ मध्ये न कुठेच नाही. हा एन म्हणजे त्या जुन्या नासिक्य उच्चाराचा सांगाडा. पूर्वी काही ठिकाणी एनऐवजी एम लिहीत. बेळगावच्या इंग्रजी नावाच्या शेवटी २०१४ सालापर्यंत तो होता. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. कंपनीची पलटण त्यासाठी आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. त्या लढाईचा जो मान पलटणीला मिळाला त्यात ‘कोरेगाव’ हे नाव असेच शेवटी एम लावून ‘कोरीगॉम’ या धर्तीवर नोंदवलेले आहे. ग्राम, गाम, गांव, गाव अशी ही वाट. इंग्रज कारकून ती अर्ध्या रस्त्यावर ऐकून निघून गेला. खुद्द दौंडला तो ‘धोंड’ लिहीत असे, आणि १८७८ साली मनमाडला जोडणारा लोहमार्ग सुरू झाला तोही ‘धोंड-मनमाड’ या नावाने. शिरूरचे स्पेलिंग जुन्या इंग्रजी कागदांत नुसत्या एसने सुरू होते.

केडगावचे नाव निघाले आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या निराधार मुली-स्त्रियांसाठी मुक्ती सदन वसवले ते याच केडगावात. तिथे छापखाना होता आणि तो मुली चालवीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे जे मराठी भाषांतर केले ते तिथेच छापले गेले. रमाबाई १९२२ साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. शिशाचे खिळे जुळवणे हे काम किती किचकट, ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. देवनागरीला अक्षर, काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, रफार या सगळ्यांचे खिळे लागतात आणि सगळे उलटे वाचावे लागतात. त्या काळच्या मराठीत पानापानावर शेकडो अनुच्चारित अनुस्वार असत. यांतल्या अनेक मुली अक्षरशत्रू म्हणून तिथे आल्या होत्या. ऱ्हस्व-दीर्घ मुलींच्या किंवा खेड्यातल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी म्हणू लागले की आम्हांला हा छापखाना आठवतो.

१९६२

महाराष्ट्र राज्य झाल्यावर चार प्रादेशिक साहित्यसंस्था एकत्र येऊन १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने तयार केलेल्या लेखनविषयक चौदा नियमांना १९६२ साली शासनाने मान्यता दिली. १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. आज शाळेत आपण जे शिकवतो ते हे अठरा नियम. २००९ साली शासनाने मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला. त्यात ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असावा, असे अक्षरांचे आकार ठरले. त्यामुळे शिरूरच्या श चे रूप निश्चित झाले. रू चा प्रश्न होता तिथेच राहिला.

१९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार एका झटक्यात काढून टाकले. जुन्या मंडळींना ते भाषेचे मुंडन वाटले. परंतु एक अनुस्वार जाणूनबुजून ठेवला, आणि तो प्रत्ययाच्या संदर्भात: अनेकवचनी सामान्यरूपावरचा. त्यामुळे पूर्वी जे साधत नव्हते ते साधले. जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरात की अनेक घरांत, हे टिंबावरून कळत नसे. आता ‘गावात’ म्हणजे एक गाव आणि ‘गावांत’ म्हणजे अनेक. व्युत्पत्तीचा टिंब गेला आणि व्याकरणाचा टिंब राहिला. आमच्या मते अठरा नियमांतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मात्र एवढी हिंमत झाली नाही. नियम म्हणतो ते थोडक्यात असे: शब्दाचे उपान्त्य अक्षर दीर्घ ईकार किंवा ऊकार असेल, तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होते. हा वर सांगितलेला कानाचाच नियम. माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला, पाऊस-पावसात अशा शब्दांत तर तो स्वर आखडत आखडत ‘अ’ होऊन जातो. तेही नियमाने टिपले आहे. पण पुढे अपवाद येतो: तत्सम शब्द, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, वगळून. म्हणून ‘गरीब’चे ‘गरिबाला’, पण ‘शरीर’चे ‘शरीराला’. ‘जमीन’ची ‘जमिनीत’, पण ‘गीत’चे ‘गीतात’. ‘वीट’ची ‘विटेला’, पण ‘भीमा’ची ‘भीमेला’. उच्चारात ‘गरिबाला’ आणि ‘शरीराला’ यांतल्या रि-री मध्ये देशावरच्या कोणाही माणसाच्या तोंडी फरक नसतो. फरक आहे तो वंशावळीत. ‘गरीब’ अरबीतून आला, ‘जमीन’ फारसीतून, ‘शरीर’ संस्कृतातून. वेलांटी कुठे वळवायची हे कळण्यासाठी सातवीतल्या मुलाने आधी शब्दाचे कूळ विचारायचे.

इंग्रजीतही असा प्रकार आहे, आणि तो तितकाच जाचक आहे. ‘ईटेबल’ मधला प्रत्यय एने सुरू होतो आणि ‘एडिबल’ मधला आयने. दोन्हींचा अर्थ खाण्याजोगे. फरकाचे कारण लॅटिन भाषेतल्या क्रियापदांच्या वर्गात आहे. लंडनच्या मुलाला लॅटिन येत नाही आणि शिरूरच्या मुलाला संस्कृत येत नाही. दोघांनी शब्द पाठच करायचे.

येथे शिक्षकाच्या हाती काय आहे, तर चुकीचा प्रकार ओळखणे. दिवाळी झाली की या दोन्ही तालुक्यांत ऊसतोडीची कुटुंबे येतात. त्यांच्याबरोबर आलेल्या एखाद्या मुलीने निबंधात ‘ऊसाला पाणी लागते’ आणि ‘शरिराला घाम येतो’ अशी दोन वाक्ये लिहिली असे समजा. दोन्ही शब्दांखाली लाल रेघ येईल आणि दोन्हींचा अर्धा-अर्धा गुण जाईल. पण या दोन चुका एका जातीच्या नाहीत. ‘ऊसाला’ लिहिताना तिने आपला कान वापरला नाही; पाहिलेला ‘ऊस’ तसाच उतरवला आणि पुढे प्रत्यय जोडला. तिला शब्द मोठ्याने म्हणायला सांगितले, टाळ्या द्यायला सांगितले, तर ती स्वतःच दुरुस्त करील. ‘शरिराला’ लिहिताना तिने कान वापरला आणि कानाने तिला बरोबरच सांगितले. चूक आहे ती फक्त परंपरेच्या हिशेबाने. तिथे टाळ्या उपयोगाच्या नाहीत. तिथे शब्दांची यादी, कोश आणि वाचन एवढेच कामाचे. ज्या मुलीने कानाने लिहिले तिला “तुला ऐकू येत नाही का?” असे विचारणे हा अन्याय आहे, आणि आम्ही कबूल करतो, आमच्याकडूनही तो अनेक वर्षे होत आला.

अलीकडे आम्ही वह्या तपासताना दोन रंग वापरू लागलो आहोत. कानाने सुधारेल ती चूक निळ्याने, कोशात पाहावे लागेल ती हिरव्याने. पहिल्या महिन्यात निळ्या खुणा जास्त होत्या. टाळ्यांचा खेळ आठवड्यातून दहा मिनिटे घेतल्यावर त्या झपाट्याने कमी झाल्या. हिरव्या तेवढ्याच राहिल्या. तत्सम शब्दांची एक वही वर्गात टांगून ठेवली आहे. ज्याला नवा शब्द सापडेल त्याने तो प्रत्यय लावून त्यात लिहायचा. शरीरात, परीक्षेला, सूत्राने, जीवाला, भीमेत. गेल्या आठवड्यात त्या वहीत कोणी तरी ‘शिरुरात’ लिहून ठेवले होते. खाली दुसऱ्या अक्षरात प्रश्न होता: शिरूर संस्कृत आहे का? वर्गात अर्धा तास वाद झाला. शेवटी तो शब्द खोडून नेहमीच्या यादीत घातला, आणि ‘नीरा’ नदीला प्रत्यय लावायला एकाला फळ्यापाशी बोलावले.